दौलत पेटीमास्तरची अर्धी नांदी

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचतो. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला आजोबा हाक मारतात... मी पान उलटतो आणि चहा मागवतो. आमच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा नाही. वडिलांनी घरातले देव नदीत नेऊन सोडले, तेव्हा मी त्यांच्या बोटाला धरून काठावर उभा होतो. पुढे शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. करणी-भानामतीविरुद्ध गावोगाव बोललो. नारळातून केस काढून दाखवायचे, बाया घाबरल्या की त्यामागची युक्ती उलगडायची — हा माझा ठरलेला कार्यक्रम होता. तेव्हा भुताखेताचं काही लिहायला माझा हात उठेल, असं मला ओळखणारा कुणीही म्हणणार नाही.

तरी लिहितो आहे. यातलं भुताचं थोडं आहे, आभाराचं जास्त. आणि जे माझ्या हातून झालं तेही आहे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. होतं म्हणतो, कारण आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत सरळ रेषेतल्या घरांत राहतात. मी निवृत्तीनंतर मुलाकडे साकोलीला आलो. ही गोष्ट मात्र जुन्या गावातली, माझी दोन मुलं लहान होती आणि तिसऱ्याची चाहूल होती त्या वर्षाची.

आमच्याकडे भात कापून झाला, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आमच्या गावाचंही नाट्यमंडळ होतं. मी त्याचा सचिव, आणि दौलत आमचा पेटीमास्तर. सडपातळ, पान खाणारा, कमी बोलणारा. दोन एकर धानाची शेती, पण जीव सगळा हार्मोनियममध्ये. आजूबाजूची मंडळंही त्याला गाणी बसवायला बोलवायची. सायकलच्या मागे त्याने लोहाराकडून रुंद लोखंडी कॅरिअर करून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना आकडे — पेटी बसवायची आणि दोरी आकड्यांत अडकवायची. लांबून सायकल दिसली की पोरं ओरडायची, "मास्तर आला!"

त्याची बायको अनसूया. बोलायला फटकळ, कामाला वाघ. मला ती भाऊजी म्हणायची.

त्या पावसाळ्यात दौलत येणाऱ्या नाटकासाठी नवी नांदी बांधत होता. पडदा उघडण्याआधी सगळे नट रांगेत उभे राहून म्हणतात ती नांदी. माझ्या ओट्यावर बसून त्याने मला ती पेटीवर ऐकवली होती. चाल वर चढत गेली, आणि एका सुरावर येऊन थांबली.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं अजून सुचलं नाही जी," तो म्हणाला. "अर्धीच हाये. येईल कधी तरी."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात त्या दोघांचं भांडण अर्ध्या गावाने ऐकलं होतं. अनसूयाबाई अंगणात उभी राहून ओरडत होती, "काढा ही पेटी घरातून, नाही तं चुलीत घालतो!" लोकांनी ते लक्षात ठेवलं. मीही ठेवलं.

आणि एका सकाळी दौलत पेटी घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, थोडे दिवस तुमच्या माळ्यावर राहू द्या." मी कारण विचारलं नाही. चुलीची भीती असेल, असं मनाशी धरून चाललो. माझी बायको रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, निघून गेली होती, त्यामुळे त्याला येताना घरातल्या कुणी पाहिलं नाही. पेटी लाकडी खोक्यात, खोकं दोरीने बांधलेलं. आम्ही दोघांनी ते वर चढवलं. मग तो नाल्यापलीकडच्या एका गावी गाणी बसवायला निघाला. त्या मंडळाची स्वतःची पेटी होती. जाताना एवढंच म्हणाला, "पाणी येते वाटते."

पाऊस आलाच. शाळेला सुटी होती. दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि मी ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो... तेव्हा आतून नांदी सुरू झाली.

आधी वाटलं, रेडिओ. आमच्या रेडिओचे सेल महिनाभरापासून संपलेले होते. आत गेलो. आवाज वरून येत होता. बंद खोक्यातून येतो तसा दबलेला नव्हता, मोकळा, समोर बसून वाजवावा तसा. दौलत सुरावर बोट जरा रेंगाळून उचलायचा, ती त्याची सवय मला माहीत होती. तसंच ऐकू येत होतं. मी शिडीवर चढलो. खोकं जसंच्या तसं, दोरीची गाठ मीच मारलेली, वर धानाच्या बियाण्याची गोणी ठेवलेली. आणि आतून नांदी चालू. चाल वर चढत गेली, त्याच्या त्या थांबायच्या सुराजवळ आली — आणि मी शिडीवरून उतरून घराबाहेर पळालो. हो, पळालो. नारळातून केस काढणारा माणूस पायात चप्पल न घालता रस्त्यावर उभा होता.

थोड्या वेळाने परत गेलो तेव्हा सगळं शांत होतं. धीर करून खोकं उघडलं. भात्याचा आकडा लावलेला. उंदीर नाही, काही नाही. फक्त वाजवण्याआधी ओढतात त्या समोरच्या खुंट्या सगळ्या बाहेर ओढलेल्या होत्या. चढवताना धक्क्याने निघाल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो.

संध्याकाळी बायको रोवणीवरून आली ती हातपाय न धुताच सांगू लागली.

"अवो, अनसूबाईले काय झालं कोणास ठाऊक! चांगली आमच्या रांगेत रोवत होती. दुपारी एकदम उभी झाली. हातातले धानाचे पऱ्हे तसेच खाली पडले. चिखलाच्याच हातानं कुंकू पुसलं तिनं."

"काहून?"

"म्हणे, नांदी झाली, ते गेले. आम्ही म्हटलं, बाई, कोणती नांदी? इथं तं बेंडकंच ओरडून राहिले! आयकेच नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या दगडावर बांगड्या आपटल्या अन् घरी चालली गेली."

ते शेत तलावाच्या पलीकडे होतं. माझ्या घरातून कुणी गळा फाडून ओरडलं असतं तरी तिथे ऐकू गेलं नसतं.

मी बायकोला काही बोललो नाही. वरच्या खोक्याबद्दल तिने पुढे विचारलं, तेव्हा मंडळाची जुनी पेटी म्हणालो.

दौलत परत आला नाही. ज्या गावी जायचं तिथे तो पोचलाच नव्हता. नाला भरून वाहत होता. लोकांनी दोन्ही काठ पालथे घातले, पण माणूस नाही, सायकल नाही, पायातली चप्पलसुद्धा नाही. मग गावाला आठवलं, की तो हरवला हे कुणाला कळायच्या आधीच त्याच्या बायकोने कुंकू पुसलं होतं. तिला कसं कळलं?

चौकशी चावडीत झाली. पोलीस पाटील, एक हवालदार, आणि सगळं गाव. पाटलांनी मला सहज विचारलं, "गुरुजी, दौलत जाताना तुमच्याकडे आला होता काय?"

मी म्हणालो, "नाही."

ते का म्हणालो, याचा मी अर्धं आयुष्य विचार केला आहे. आला होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न पेटीचा असता. पेटी म्हटली की ती दुपार आली असती. शिवाय त्याला शेवटचा पाहणारा मीच ठरलो असतो. एवढं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि तोंडातून 'नाही' निघालं. अनसूयाबाई खांबाला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मग हवालदाराने तिला विचारलं, "त्याची पेटी कुठं आहे?"

ती म्हणाली, "संगं नेली साहेब."

"खोटी बोलते!" चहावाला मागून ओरडला. "माझ्या दुकानापुढून गेला ना तो. क्यारेल रिकामं होतं. म्या हाक मारली, मास्तर, आज सवत घरी ठेवली का?"

लोक हसले. हवालदार हसला नाही. "बरं, आणि ती नांदी कुठून आयकली तू?"

"त्याईच्या पेटीतून."

या वेळी हवालदारही हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सायन्सवाले. पेटी आपोआप वाजते काय?"

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शक्य नाही. भाता ओढल्याशिवाय पेटी वाजत नाही."

झालं. माझ्या शब्दाला गावात वजन होतं. त्या वजनाखाली ती बाई दबली ती दबलीच. ठाण्यात तिला कित्येकदा नेलं. पुरावा नव्हता म्हणून सोडलं. पण गावाचा निकाल लागलेला होता. शिदोरीत काही घातलं म्हणे, कुणाशी तरी सूत होतं म्हणे, पेटी चुलीत घातली म्हणे — नाही तर पेटीबद्दल खोटं कशाला बोलली असती? 'नवराखाई' हे नाव पडलं. रोवणीच्या रांगेत बाया तिला शेजारी घेईनात. ती दूरच्या गावी मजुरीला जाऊ लागली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोहफुलं. मुलीची सोयरीक जुळून मोडली, पुन्हा जुळून पुन्हा मोडली. शेवटी फार लांब दिली.

मी मुख्याध्यापक झालो. माझी तिन्ही मुलं शिकली. गावाने शाल-श्रीफळ दिलं. आणि पेटी माझ्या माळ्यावर राहिली. गाव उठलं तेव्हा इतर सामानासोबत ट्रॅक्टरमध्ये माझ्या नव्या घरी आली, तिथून साकोलीला. एकदाही वाजली नाही. वाजली असती तर कदाचित मी लवकर बोललो असतो.

मागच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच मागे सरलं. जुना नाला नदीला मिळायचा तिथल्या गाळात ढिवरांच्या जाळ्याला काही अडकलं. सायकलचा सांगाडा निघाला, मागे रुंद कॅरिअर, दोन्ही बाजूंना आकडे. फोनवर मला हे सांगणारा ओळखीचा माणूस पुढे म्हणाला, "पण गुरुजी, सायकल का, कोणीही फेकून देऊ शकते. तिनंच फेकायले लावली असंन. आता तिच्या नातीची सोयरीक चालली आहे, दिघोरीकडचे लोक आहेत. त्याईच्याही कानावर गेलं म्हणे, का ही नवराखाईची नात होय. रविवारी येऊन राहिले ते, पण जुळत नाही पाहा."

नात पल्लवी. नर्सिंग शिकलेली, आजीजवळच राहणारी. तिला मी ओळखतही नव्हतो. पण मोडलेल्या सोयरिकींमध्ये आता तिसरी मोडणार होती, आणि ती मोडू न देणारी वस्तू माझ्या माळ्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मदतीने पेटी खाली काढली, रिक्षात घातली आणि वसाहतीत गेलो. अनसूयाबाई पडवीत लाखोळीची डाळ पाखडत होती. केस सगळे पांढरे. चादरीत गुंडाळलेलं खोकं रिक्षातून उतरताना तिने पाहिलं, सूप बाजूला ठेवलं.

"या भाऊजी. पेटी आणली वाटते."

मी काय काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. सगळं गेलं. "तुम्हाला... माहीत होतं?"

"माईत म्हणजे? म्याच तं पाठवली होती तुमच्या घरी! आमचं छप्पर गळून राहिलं होतं. त्याईले म्हटलं, गुरुजीचं घर कोरडं हाये, तिथं नेऊन ठेवा. ओल लागून भाता कुजला तं चुलीत घालतो म्हटलं तुमची पेटी. लोकाईनं चुलीतलंच तेवढं आयकलं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तुम्ही 'नाही' म्हणून बसले होते ना जी. तुमच्या घरी पेटी निघाली असती तं पोलीस तुमच्या दारात. सरकारी नोकरी तुमची, दोन लेकरं, बाई पोटुशी. एका घराचं तं वाटोळं झालंच होतं. दुसऱ्याचं कायले करू?"

मी खाली मान घालून बसलो. तसंच विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना! काहून नाही येईल?" ती हसली. पुढचे दात गेलेले. "रोवणीले कोणी बोलवे नाही, तवा तुमच्या नावानं लय शिव्या देल्या. तुम्हाले उचक्या नाही लागल्या काय?"

मी हसलो, आणि मग मला रडू आलं. तिने आतून पाणी आणून दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं, म्हाताऱ्या माणसाला रडायला सवड द्यावी म्हणून असेल.

मग मी ते सांगितलं. त्या दुपारी मीही ऐकली होती — नांदी, वरून, बंद खोक्यातून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तोंडाबाहेर पडले. तिचा हात थांबला.

"तुम्हीबी आयकली?"

"हो."

"म्हणून दाखवा."

मला गाण्याचं अंग नाही. पण ती चाल विसरणं शक्य नव्हतं. मी जमेल तशी गुणगुणलो, चढत चढत त्या थांबायच्या सुरापर्यंत. "इथे मी पळालो," म्हणालो.

अनसूयाबाई माझ्याकडे पाहतच राहिली. "हे मी नाही आयकलं," ती हळूच म्हणाली. "हे तं ते घरी वाजवत, ते माईत होतं मले. त्या दिवशी धानाच्या बांधीत रोवताना आयकलं ते हे नोयते." आणि तिने डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली. मी ज्या सुरावर सोडलं होतं, त्याच सुरावरून तिने उचललं. चाल तिथून वळली, हळूहळू खाली उतरत आली, आणि जिथे सुरू झाली होती त्या षड्जावर येऊन बसली. बसली म्हणजे बसलीच. पूर्ण झाली.

दौलतला जे सुचलं नव्हतं ते ती म्हणत होती. ही बाई पेटीला कधी हात लावणारी नव्हे, आणि नवऱ्यामागे तिने कधी गाणं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. मी हातातल्या रुमालाची घडी घालत आणि उलगडत बसलो होतो.

रविवारी दिघोरीचे पाहुणे आले. मुलाचे आईवडील, आजी, दोन काका. वसाहतीतली जुनी माणसंही जमली होती, तमाशा बघायला म्हणा. मी पेटी सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि उभा राहून सगळं सांगितलं. दौलत माझ्याकडे आला होता, पेटी माझ्याकडे होती, चावडीत मी दोनदा खोटं बोललो, आणि या बाईने माझ्यासाठी एकदा. त्या दुपारी काय ऐकलं तेही सांगितलं.

नांदीचं ऐकून एकजण म्हणाला, "गुरुजीले ऊन लागलं वाटते." लोक हसले. मला वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

मुलाची आजी मात्र हसत नव्हती. काठी टेकत उठली, पेटीजवळ आली, खोक्यावरची धूळ पदराने पुसली. "वाजली का नाही वाजली, ते मले नाही समजत बाप्पा," ती म्हणाली. "पण पेटी तं ही समोर हाये ना? दुसऱ्याच्या लेकराईपायी या बाईनं इतकी बदनामी सोसली. हिच्या हातची पोरगी आमच्या घरी येत असंन तं आमचंच बरं." आणि पोराच्या बापाकडे वळून, "तू काय पाहून राहिला रे? साखर आणा म्हण!"

लग्न ठरलं. परवा अनसूयाबाईला रोवणीचं बोलावणं आल्याचंही ऐकलं. या वयात ती कशाला जाईल, पण बोलावणं आलं.

त्या आजीचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, की हिला सोडवायचं तर मला भुताची साक्ष द्यावी लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. खरं म्हणजे मी फक्त शिडीवर चढून पेटी खाली आणायची होती. बस. माझी नोकरी, मुलांची शिक्षणं, आज मिळते ती पेन्शन, हे सगळं त्या बाईच्या 'संगं नेली साहेब' या तीन शब्दांवर उभं आहे. तिचे उपकार मानायलाही मी इतका उशीर केला, आणि तरी तिने पाणी दिलं. याहून जास्त मला काही मागायचं नाही.

नांदीचं मला आजही कळलेलं नाही. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय, आतल्या पट्ट्या गंजल्यात. ती आता वाजणार नाही. एक सूर मला ऐकू यावा आणि त्याच्या पुढचा तलावापलीकडे तिला, हे कसं? मी विज्ञानाची जेवढी पुस्तकं शिकवली त्यांत याचं उत्तर नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मी मोकळ्या मनाने वाचीन, या वेळी न हसता.

हे लिहायच्या आधी मी अनसूयाबाईला विचारायला गेलो होतो. म्हटलं, मासिकात छापून येईल, सगळ्यांची नावं बदलतो, तुमचंही बदलतो.

"बाकीच्याईची बदला," ती म्हणाली. "त्याईचंबी बदला, गेलेल्या माणसाले कायले त्रास. पण माझं बदलू नोका भाऊजी. खराब झालं होतं ते माझंच नाव होतं ना?"

म्हणून या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत. एक सोडून. तिचं नाव अनसूयाच आहे.